परक्याचे कार्ड आणि परक्या भूमीचा कायदा



पुण्यातील एका घरात पहाटे साडेपाचला दूरध्वनी वाजतो, अशी कल्पना करावी. पलीकडे अमेरिकेतील डलास शहरात संध्याकाळचे सात वाजले आहेत. एम.एस.साठी आठ महिन्यांपूर्वी गेलेला मुलगा सांगतो, "बाबा, मला पोलिसांनी पकडलंय." एकाच खोलीत राहणाऱ्या मित्राने त्याच्या हाती क्रेडिट कार्ड दिले होते. "काकांचं आहे, त्यांनी वापरायला सांगितलंय," एवढ्या शब्दावर त्याला ऐंशी डॉलरचा फोन आणावयास पाठविले होते. कार्ड चोरीचे निघाले. वडिलांचा पहिला प्रश्न स्वाभाविक असतो, "पैसे भरून मिटणार नाही का?"

दुर्दैवाने ते मिटत नाही. कारण ज्या भूमीवर ही घटना घडली, त्या भूमीचा कायदा ऐंशी डॉलरकडे पाहतच नाही.

आपल्याकडे फसवणुकीच्या गुन्ह्यांसाठी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता देशभर लागू आहे. अमेरिकेत मात्र फौजदारी कायदा मुख्यत्वे राज्यांचा विषय आहे. टेक्सासच्या दंडसंहितेतील ३२.३१ हे कलम कार्डाच्या गैरवापरासाठी आहे. रक्कम कितीही असो, हा गुन्हा तेथे 'फेलनी', म्हणजे गंभीर गुन्हा ठरतो. शिक्षा १८० दिवसांपासून दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार डॉलरपर्यंत दंड. ज्याची फसवणूक झाली ती व्यक्ती पासष्ट वर्षांची वा त्याहून वयस्क असेल, तर कारावास दोन ते दहा वर्षे. वृद्धांच्या आयुष्यभराच्या बचतीवर डल्ला मारणाऱ्यास त्या राज्याने मुद्दाम अधिक कठोर शासन ठेवले आहे आणि त्यात गैर काही नाही.

हीच खरेदी कॅलिफोर्नियात झाली असती, तर चित्र वेगळे दिसले असते. तेथे चोरीचे कार्ड वापरून सहा महिन्यांत मिळविलेल्या मालाची किंमत साडेनऊशे डॉलरच्या आत असेल, तर ती किरकोळ चोरी मानली जाते आणि कारावासाची कमाल मर्यादा सहा महिन्यांची असते. न्यूयॉर्कमध्ये कार्ड वापरण्याचीही गरज नाही. नुसते कार्ड चोरणे हाच गंभीर गुन्हा, शिक्षा चार वर्षांपर्यंत. फ्लोरिडात तर सहा महिन्यांत कार्ड किती वेळा वापरले, याचीही मोजणी होते. याशिवाय १९८४ पासून केंद्राचा स्वतंत्र कायदा आहे. आंतरराज्यीय टोळ्या आणि मोठ्या रकमा त्याच्या कक्षेत येतात व शिक्षा दहा ते पंधरा वर्षांपर्यंत जाऊ शकते.

मग बचावाला जागाच नाही काय? आहे आणि ती कायद्याच्या शब्दांतच आहे. टेक्सासच्या कलमानुसार सरकारी पक्षाला दोन गोष्टी निःसंशय सिद्ध कराव्या लागतात. आरोपीचा हेतू फसवणुकीने लाभ उठविण्याचा होता, ही पहिली. कार्ड आपल्या नावे दिलेले नाही आणि त्याच्या धारकाची संमतीही नाही, हे त्याला ठाऊक होते, ही दुसरी. कार्ड काकांचे असून त्यांची संमती आहे, असे मुलाने खरोखर मानले असेल, तर या दुसऱ्या मुद्द्यावरच खटला डळमळतो. परंतु नुसते "मला माहीत नव्हते" म्हणून भागत नाही. मित्राने पाठविलेले संदेश, दुकानातील कॅमेऱ्याचे चित्रण, पावतीवरील वेळ, खोलीतील अन्य विद्यार्थ्यांची साक्ष, यांतून ते अज्ञान प्रामाणिक होते हे दिसावे लागते. अन्यथा चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण खरी ठरावयास वेळ लागत नाही. म्हणूनच घाबरून भ्रमणध्वनीतील संदेश पुसून टाकणे हा आत्मघात होय. एक तर बचावाचा पुरावा जातो आणि दुसरे म्हणजे पुरावा नष्ट करणे हाच टेक्सासमध्ये आणखी एक गंभीर गुन्हा आहे.

येथपर्यंतचे संकट अमेरिकी नागरिकावरही येऊ शकते. परदेशी विद्यार्थ्यावर येणारे संकट मात्र याच्या पुढे सुरू होते. फसवणूक हा नैतिक अधःपतनाचा गुन्हा होय, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्येच दिला आहे. देशात प्रवेश मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत असा एक जरी गुन्हा केला आणि त्यास एक वर्ष वा अधिक शिक्षेची तरतूद असली, तर दोषसिद्धीनंतर ती व्यक्ती हद्दपारीस पात्र ठरते. प्रत्यक्षात किती शिक्षा झाली, हे येथे पाहिले जात नाही. टेक्सासमधील कमाल शिक्षा दोन वर्षांची असल्याने तेथे हा निकष पुरा होतो. कॅलिफोर्नियातील किरकोळ चोरीत तो पुरा होत नाही. ऐंशी डॉलरची तीच खरेदी, पण राज्याची सीमा ओलांडली की मुलाचे भवितव्य बदलते.

सर्वांत मोठा सापळा याहून पुढे आहे. "गुन्हा कबूल कर, न्यायाधीश दोषसिद्धी नोंदविणार नाहीत, काही काळ देखरेखीखाली राहिलास की प्रकरण संपेल," असा तडजोडीचा प्रस्ताव टेक्सासमध्ये येऊ शकतो. घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु १९९६ च्या कायद्यानुसार कबुली आणि तिच्यासोबत न्यायालयाने घातलेले कोणतेही बंधन, एवढ्यावरच स्थलांतर कायद्याच्या दृष्टीने दोषसिद्धी पूर्ण होते. राज्य ज्याला निर्दोषासारखे घरी पाठविते, त्यालाच केंद्र देशाबाहेर काढू शकते. या अन्यायाची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पडिया विरुद्ध केंटकी या खटल्यात ठरविले की, कबुलीमुळे हद्दपारी ओढवू शकते हे अशिलास सांगणे वकिलाचे कर्तव्यच आहे. म्हणून फौजदारी वकिलासोबत स्थलांतर कायद्याचा जाणकार हवाच. दोघांनी एकत्र विचार केल्याखेरीज कोणत्याही कागदावर सही होता कामा नये.

अटकेतील परदेशी माणसाला आणखीही आधार आहेत. मौन पाळण्याचा आणि चौकशीच्या वेळी वकील मागण्याचा अधिकार तेथे नागरिकांपुरता मर्यादित नाही. ऐपत नसेल, तर गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात राज्याने वकील द्यावा, हे १९६३ पासून बंधनकारक आहे. त्याच वर्षीच्या व्हिएन्ना करारानुसार आपल्या देशाच्या वाणिज्य दूतावासास कळवावे, अशी मागणीही करता येते. टेक्सासपुरता भारताचा असा दूतावास ह्यूस्टन येथे आहे.

तेव्हा पहाटेच्या त्या दूरध्वनीवर वडिलांनी काय बोलावे? रागावणे नंतर. "खोटे बोलू नकोस, पण वकिलाशिवाय काहीच बोलू नकोस. काही पुसू नकोस. कशावरही सही करू नकोस." एवढी तीन वाक्ये पुरेशी आहेत.

खरे तर ती वेळच येऊ नये. मुलाच्या बॅगेत लोणची, मेतकूट आणि देवाची तसबीर आठवणीने ठेवणाऱ्या घरांनी निघतानाच आणखी एक गोष्ट सांगावी. ज्या कार्डावर आपले नाव नाही, ते देणारा कितीही जिवलग असो, हाती घेऊ नये. परद्रव्याला हात न लावण्याचा संस्कार आपल्या घरांना नवा नाही. परद्रव्य आता प्लास्टिकच्या तुकड्याच्या रूपाने समोर येते, एवढेच मुलांना समजावून सांगावयाचे आहे.