उद्योगी माणसाचा व्यायाम

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



व्यायामाचा विषय निघाला की व्यापारी माणसाचे एक ठरलेले उत्तर असते, ‘वेळ कुठे आहे?’ हे उत्तर खोटे नाही. सकाळी नऊला दुकान उघडायचे, दिवसभर गादीवर किंवा काउंटरमागे बसायचे, दुपारचा डबा तिथेच खायचा आणि रात्री नऊला शटर ओढून घरी आल्यावर पुन्हा हिशेबाच्या वह्या उघडायच्या, हा अनेकांचा वर्षानुवर्षांचा क्रम आहे. त्यात लग्नसराई, दिवाळी आणि मार्चअखेर आली की जेवणाचीही शुद्ध राहत नाही. अशा माणसापुढे व्यायामाचे गुणगान करून त्याच्या पदरात काहीच पडत नाही. म्हणून त्याच्या या उत्तरापासूनच विचाराला प्रारंभ करणे योग्य ठरेल.

लहान पेढीचा सारा कारभार बहुधा एका माणसाच्या डोक्यात असतो. कोणाकडे किती उधारी, कोणता माल कोठून, कोणाच्या शब्दावर किती विसंबायचे, हे वहीत लिहिलेले नसते. तो माणूस पंचेचाळिशी-पन्नाशीत हृदयविकाराने अंथरुणाला खिळला, तर मुलगा अजून महाविद्यालयात असतो आणि पत्नीला बँकेतल्या खात्यांचीही पुरती माहिती नसते. शरीर हे व्यापाराचे भांडवल आहे, पण त्याची घसारा-नोंद कोणत्याच ताळेबंदात होत नाही.

ही चिंता अनाठायी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात सुमारे 10 कोटी 10 लाख लोक मधुमेही असल्याचा अंदाज पुढे आला. 2024 साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार 2000 साली 22 टक्क्यांच्या आसपास भारतीय प्रौढ पुरेशी हालचाल करीत नव्हते, तर 2022 साली हे प्रमाण 49 टक्क्यांच्या पुढे गेले. स्त्रियांत ते पुरुषांपेक्षाही अधिक, म्हणजे सुमारे 57 टक्के आहे. ‘घरकाम हाच बायकांचा व्यायाम’ असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. गॅसच्या शेगडीपुढे तासभर उभे राहिल्याने पाय दुखतात, दम वाढत नाही.

बसून काम केल्याने हृदयाला धोका होतो, ही गोष्ट आज सर्वांच्या तोंडी असली, तरी ती प्रथम पुराव्यासह पुढे आली ती लंडनच्या बसगाड्यांमधून. डॉ. जेरी मॉरिस हे तेथील मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या सामाजिक वैद्यक विभागाचे प्रमुख होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराचे झटके वाढत चालले होते आणि कारण कोणालाच उमगत नव्हते. मॉरिस यांनी 1949 च्या सुमारास लंडनच्या वाहतूक सेवेतील हजारो कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. दुमजली बसमध्ये एक चालक आणि एक वाहक. दोघांची वस्ती एका थरातली, पगार जवळपास सारखा, कामाचे तासही तेच. फरक एवढाच की चालक दिवसभर आसनावर बसलेला आणि वाहक तिकिटे फाडत दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. 1953 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा की वाहकांना हृदयविकार चालकांपेक्षा कमी होतो, झाला तर उतारवयात होतो, आणि पहिल्याच झटक्यात दगावण्याचे प्रमाण तर चालकांच्या मानाने खूपच कमी असते.

शंकेखोर लोकांनी विचारले, मुळातच स्थूल आणि काळजीखोर माणसे चालक होत असतील तर? मॉरिस यांनी ही शंका झटकून टाकली नाही. त्यांनी कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे मागवली. 1956 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर वाहकांपेक्षा खरोखरच मोठा निघाला, अगदी नव्याने भरती झालेल्या तरुणांतही. म्हणजे शंकेत तथ्य होते. पुढे त्यांनी बारीक, मध्यम आणि जाड अशा वेगवेगळ्या बांध्यांची तुलना केली, तेव्हा प्रत्येक गटात वाहकच सुरक्षित आढळले. जाड वाहकाला जाड चालकापेक्षा धोका कमी. एका शिंप्याच्या वहीतून एवढे शास्त्र निघावे, हे व्यापारी श्रोत्यांना तरी नक्कीच रुचेल!

परंतु बसच्या वाहकाचे उदाहरण ऐकून पेढीवरचा माणूस म्हणेल, त्याला पायऱ्या चढण्याचा पगार मिळत होता, गादीवरच्या माणसाने काय करावे? मॉरिस यांचा पुढचा अभ्यास नेमका अशा माणसांचा आहे. 1968 ते 1970 या काळात त्यांनी सुमारे 18 हजार मध्यमवयीन सरकारी अधिकाऱ्यांना, तेही टेबलापाशी बसून काम करणाऱ्यांना, सोमवारी सकाळी एक तक्ता भरायला दिला. त्याआधीच्या शुक्रवारी आणि शनिवारी फावल्या वेळात काय केले, हे त्यात लिहायचे होते. पुढील काही वर्षांत असे दिसले की जे फावल्या वेळात दमदार व्यायाम करीत होते, म्हणजे पोहणे, झपझप चालणे, सायकल, बागेतले कुदळकाम, त्यांना हृदयविकार होण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे एक-तृतीयांश होते. नोकरी बैठी असली तरी हरकत नव्हती.

या अभ्यासाच्या पुढील टप्प्यातून जे निघाले ते अनेकांना बोचेल. तरुणपणी मैदान गाजवलेल्या, पण नंतर व्यायाम सोडून दिलेल्या माणसांना त्या जुन्या पराक्रमाचा काहीही लाभ मिळत नव्हता. अमेरिकेत डॉ. राल्फ पॅफेनबार्गर यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या सुमारे 17 हजार माजी विद्यार्थ्यांचा अभ्यास करून 1978 साली हेच सांगितले. विद्यापीठाच्या संघातला खेळाडू पुढे बैठा झाला तर त्याचा धोका इतर बैठ्यांसारखाच, आणि विद्यार्थीदशेत कधीही न खेळलेला माणूस नंतर व्यायामाला लागला तर त्याचा धोका कमी. ‘कॉलेजात असताना रोज शंभर जोर काढायचो’ असे सांगणारे गृहस्थ प्रत्येक समारंभात भेटतात. त्यांच्या खात्यावरची ती शिल्लक केव्हाच संपली आहे. याची दुसरी बाजू मात्र दिलासा देणारी आहे. ज्याने पन्नाशीपर्यंत काहीच केले नाही, त्याचे दार बंद झालेले नाही.

आता वेळेचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सुधारलेल्या शिफारशींनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यात 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा, किंवा 75 ते 150 मिनिटे जोमदार व्यायाम करावा, आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम करावेत. मध्यम श्रम ओळखायला यंत्र लागत नाही. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तो वेग योग्य. या शिफारशींत एक महत्त्वाचा बदल झाला, तो उद्योगी माणसाच्या फार सोयीचा आहे. पूर्वी एका वेळी सलग दहा मिनिटे तरी व्यायाम झाला पाहिजे, अशी अट होती, ती 2020 साली काढून टाकण्यात आली. दोन मजले चढण्याची दोन मिनिटेही आता हिशेबात धरली जातात. तेव्हा वखारीपासून दुकानापर्यंतचे अंतर स्कूटरऐवजी पायी तोडणे, बँकेत जाताना गाडी चार गल्ल्या अलीकडे लावणे, लिफ्टचे बटण न दाबणे, या किरकोळ वाटणाऱ्या नोंदी मिळून दिवसाअखेर चांगली बेरीज होते.

दुसरी सोय आठवडी सुटीची. ज्यांना सहा दिवस खरोखरच जमत नाही, त्यांनी सगळा व्यायाम एक-दोन दिवसांत उरकला तर चालेल काय? 2023 साली सुमारे 90 हजार ब्रिटिश नागरिकांच्या मनगटी यंत्रांच्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासात अशा लोकांनाही हृदयविकारापासून जवळजवळ तेवढेच संरक्षण मिळते, असे आढळले. मात्र एक दिवसाच्या उत्साहात स्नायू दुखावण्याची भीती असते आणि सुटीच्या दिवशी नातेवाइकांकडे काही ना काही निघतेच. रोजची सवय मोडायला जास्त कष्ट पडतात, म्हणून तीच बरी.

दिवसाउजेडी संध्याकाळचे जेवण आटोपणाऱ्या घरांना तर एक आयती संधी आहे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्याने रक्तातील साखरेची उसळी कमी राहते. इतरांकडे या वेळी स्वयंपाक चालू असतो, येथे ताटे उचललेली असतात. सासू, सून आणि नातवंडे एकत्र निघाली तर घरातल्या स्त्रियांनाही वेगळी सबब सांगावी लागत नाही.

स्नायूंच्या व्यायामाकडे मात्र चालणारी मंडळी हमखास दुर्लक्ष करतात. चाळिशीनंतर स्नायूंचे बळ हळूहळू ओसरते आणि सत्तरीत जमिनीवरून उठताना कोणाचा तरी हात शोधावा लागतो. त्यासाठी व्यायामशाळेची वर्गणी भरणे आवश्यक नाही. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात लावून जोर काढणे, एवढ्यावरही आरंभ होतो. घरात आणलेल्या महागड्या चालण्याच्या यंत्राचे भवितव्य पुष्कळांना ठाऊक आहे. सहा महिन्यांत त्यावर टॉवेल वाळू लागतात.

आपल्याकडील सूर्यनमस्कार या दृष्टीने फार काटकसरीचा व्यायाम आहे. थोडी जागा, थोडा वेळ, आणि हात, पाय, पाठ, श्वास सर्वांना काम. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्याचा प्रसार केला, त्यावर ग्रंथ लिहिला आणि संस्थानातील शाळांमधून तो सुरू केला. 1909 पासून त्यांच्यावर राज्यकारभाराचा भार होता, शिवाय ते स्वतः चित्रकार होते, वस्तुसंग्रहालय उभे करीत होते. 1939 साली त्यांनी प्रजेच्या हाती कारभार सोपविणारी राज्यघटनाही दिली. कामे नव्हती म्हणून त्यांना नमस्कार घालायला फुरसत मिळाली, असे कोणी म्हणू शकणार नाही. कामे सुरू होण्यापूर्वी नमस्कार उरकलेले असत, एवढीच त्यातली युक्ती. 1951 साली निधन झाले तेव्हा त्यांचे वय ऐंशी पार झालेले होते. डॉ. मॉरिसही स्वतः नियमाने व्यायाम करीत आणि 2009 साली नव्याण्णवाव्या वर्षी ते गेले. अर्थात एक-दोन माणसांच्या दीर्घायुष्याने काही सिद्ध होत नाही, हे मॉरिस यांनीच प्रथम सांगितले असते.

काही सावधगिरी आवश्यक आहे. ज्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास आहे, अथवा अनेक वर्षांत ज्यांनी काहीच हालचाल केलेली नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी. साखर कमी करणारी औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी लांब फिरायला जाऊ नये. गुडघे दुखणाऱ्यांनी नमस्कारांऐवजी सपाट रस्त्यावर चालणे निवडावे. चालताना छातीत दडपण आले, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, घाम फुटला, तर ‘पित्त असेल’ म्हणून घरी येऊन पडू नये. तेथेच थांबावे आणि कोणाला तरी सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठावे. तापातून उठल्यावर पहिल्या आठवड्यात नेहमीच्या निम्मेच चालावे. लग्नसराईत चार दिवस खंड पडला तर पाचव्या दिवशी तो भरून काढण्यासाठी दुप्पट चालू नये, नेहमीचेच चालावे.