माईकच्या दोन्ही बाजूंना

टीव्हीसाठी फिरणाऱ्या कुठल्याही रिपोर्टरला विचारा. नेता दहा मिनिटं बोलतो, बातमीत लागतो पंधरा सेकंदांचा बाईट. काय ठेवायचं नि काय उडवायचं, हे बोलणाऱ्याच्या हातात नसतं. आपल्या संभाजीनगरच्या एका माणसाने हा खेळ दोन्हीकडून बघितलाय. इम्तियाज जलील.

तुमच्यापैकी बरेच जण त्यांना खासदार म्हणूनच ओळखत असतील. पण त्याआधी वीसेक वर्षं ते पत्रकार होते. आधी इथे लोकमत समूहात, मग पुण्यातून एनडीटीव्हीसाठी. २०१४ला विधानसभा तोंडावर आली, त्यांनी एमआयएमचं तिकीट घेतलं आणि औरंगाबाद मध्यमधून थेट आमदार झाले. २०१९ला लोकसभा. समोर चंद्रकांत खैरे, सलग चार वेळा निवडून आलेले. फरक किती? ४,४९२ मतं! हैदराबादबाहेरून निवडून आलेला या पक्षाचा तो पहिला खासदार. वंचितची साथ, हर्षवर्धन जाधवांनी अपक्ष म्हणून घेतलेली पावणेतीन लाखांवर मतं, हे गणित कट्ट्यावर सगळ्यांना पाठ आहे, म्हणून सोडून देतो.

मला खरा रस आहे तो नळात. हसू नका. आठ-आठ दिवस पाणी येत नाही, तेव्हा रिपोर्टर रिकाम्या हंड्यांचे व्हिज्युअल घेतो, अधिकाऱ्याला धारेवर धरतो, बातमी पाठवतो. त्याचं काम तिथे झालं. खासदाराचं मात्र तिथून सुरू होतं. निधी राज्याचा, टाक्या महापालिकेच्या, शिव्या याला. प्रश्न विचारण्यात तरबेज असणं इथे अर्धंच कामाला येतं.

आणि एक गोष्ट मला खटकते, ती कुठल्याही पक्षाबद्दल नाही. पत्रकाराने तिकीट घेतलं की लोक त्याच्या जुन्या बातम्याही नव्याने तपासायला लागतात. त्याने प्रामाणिकपणे केलेल्यासुद्धा. त्याचा थोडा त्रास मागे राहिलेल्या पोरांना होतोच. "तू कधी उभा राहतोस?" असं त्यांनाही ऐकवलं जातं.

२०२४ला लोकसभेत संदीपान भुमरेंनी त्यांना हरवलं. काही महिन्यांनी औरंगाबाद पूर्वमध्ये अतुल सावेंकडून हार, फक्त २,१६१ मतांनी.

तुमच्यात कुणी बूम घेऊन फिरणारं असेल तर व्हॉइस नोट पाठवा. कालपर्यंत तुमच्या शेजारी उभा असलेला सहकारी उद्या उमेदवार म्हणून समोर आला, तर त्याला पहिला प्रश्न कोणता विचाराल?