संदर्भ किती, हे विचारण्याआधी



थेट विषयाला हात घालते. जैवसंवेदकांवर काम करणारे दोघे भेटले की पहिला प्रश्न असतो, ‘किती पेपर झाले?’ लगेच दुसरा, ‘सायटेशन किती? एच-इंडेक्स किती?’ हा संवेदक रक्तात चालतो का, हे विचारायचं राहूनच जातं. आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

आपल्या क्षेत्राचा आरंभ लेलँड क्लार्क यांच्यापासून धरतात, आणि त्यांची वाट एका परत आलेल्या पेपरातून निघाली. रक्तात बुडबुडे सोडून त्याला ऑक्सिजन पुरवणारं यंत्र त्यांनी केलं होतं. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या रक्तात ऑक्सिजन किती, हे मोजलेलं नाही म्हणून संपादकांनी लेख नाकारला. ते मोजायचं सोयीचं साधन तेव्हा नव्हतंच. मग क्लार्क यांनी ते साधन घडवलं: प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड, आणि त्यावर ऑक्सिजनला वाट देणारं पण रक्तातली प्रथिनं बाहेरच थोपवणारं पातळ पटल. हा इलेक्ट्रोड १९५६ साली प्रसिद्ध झाला. १९६२ मध्ये चॅम्प लायन्स यांच्यासह त्यांनी पुढचं पाऊल मांडलं. पटलाआड ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर ठेवायचं. साखर आली की विकर ऑक्सिजन वापरतं, प्रवाह उतरतो, आणि किती उतरला त्यावरून साखर कळते.

आज घरोघरी बोटाला सुई टोचून साखर बघतात. यंत्रं बदलली, ऑक्सिजनऐवजी फेरोसीनसारखे मध्यस्थ आले, पण विकर आणि इलेक्ट्रोड यांची सांगड तीच आहे. ग्लुकोमीटरचं बटण दाबणारा माणूस कोणाचाही संदर्भ देत नाही. पुष्कळदा आपणही देत नाही. एखादी गोष्ट सर्वांच्या हाती पडली की मूळ लेखाचं नाव गळून जातं, हे विज्ञानाचे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी पूर्वीच दाखवून दिलं आहे. उलट ऑलिव्हर लाउरी यांचा १९५१ चा प्रथिन मोजण्याच्या रीतीवरचा लेख तीन लाखांहून अधिक वेळा उद्धृत झाला, आणि तो काही थोर लेख नव्हे, हे खुद्द लाउरी सांगत.

युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये संदर्भसूचीची (सायटेशन इंडेक्सची) कल्पना मांडली तेव्हा हेतू वाचकाची सोय हा होता. एखाद्या लेखावर पुढे कोणी टीका केली, कोणी तो दुरुस्त केला, हे शोधता यावं म्हणून. २००५ साली होर्हे हिर्श यांचा एच-इंडेक्स आला आणि माणसाचं आयुष्यभराचं काम एका आकड्यात मावू लागलं. बढतीच्या फाइलीत तो आकडा पुरतो. लेख उघडायची कोणाला गरज वाटत नाही.

याचा परिणाम कामावर होतो, म्हणून मी अस्वस्थ आहे. उपाशीपोटी रक्तातली साखर साधारण ४ ते ५.५ मिलिमोलर असते. आपले पेपर मात्र नॅनोमोलर एलओडीची (ओळखता येणाऱ्या किमान प्रमाणाची) बढाई मारतात, म्हणजे मिलिमोलरच्या दहा लाखाव्या भागाची. मोजणी स्वच्छ बफरमध्ये होते. एलओडी जितका खाली, तितकी तुलनेच्या तक्त्यात जागा वरची, तितके संदर्भ जास्त. रुग्णाच्या रक्तात मात्र युरिक आम्ल असतं, क जीवनसत्त्व असतं, ताप असेल तर पॅरासिटामॉल असतं, आणि तीनही इलेक्ट्रोडवर आपापला प्रवाह देतात.

अशा पदार्थांमुळे मोजणीत झालेली चूक किती महाग पडते, हेही सांगायला हवं. ग्लुकोमीटरच्या काही पट्ट्यांमधलं विकर ग्लुकोज आणि माल्टोज यांत फरक करत नव्हतं. पोटातल्या डायलिसिसच्या एका द्रावणातून शरीरात माल्टोज तयार होतं. पट्टी साखर वाढलेली दाखवी, इन्सुलिन दिलं जाई आणि खरी साखर कोसळे. २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जो इशारा दिला, त्यात अशा १३ मृत्यूंची नोंद होती. जो पेपर ‘माल्टोज तपासलं, अडथळा आला’ असं प्रामाणिकपणे लिहितो, त्याला फार संदर्भ मिळणार नाहीत. मला तो पेपर हवा आहे.

संदर्भ मोजूच नका, असं माझं म्हणणं नाही. जोसेफ वांग यांचा २००८ चा ग्लुकोज संवेदकांवरचा आढावा हजारो वेळा उद्धृत झाला, तो उगाच नाही. नव्या विद्यार्थ्याला आजही मी तोच आधी वाचायला देते. पण आढाव्याचा आकडा मूळ प्रयोगाच्या आकड्याशेजारी ठेवून कोण मोठा हे ठरवणं चुकीचं आहे.

निवड समित्यांवर बसणाऱ्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे: उमेदवाराकडून त्याला स्वतःला महत्त्वाचे वाटणारे पाच लेख मागा आणि मुलाखतीआधी ते वाचा. उद्या सकाळी पोस्टर सत्र आहे. विद्यार्थ्यांनो, तुमच्यापाशी आल्यावर मी एलओडी विचारणार नाही. रक्ताचे नमुने कुठून आणलेत, किती जणांचे होते आणि कोणत्या नमुन्यात संवेदक फसला, ते सांगायची तयारी ठेवा. फसलेल्या नमुन्याचा आलेख पोस्टरवर नसेल तर वहीतला दाखवा. मी थांबून बघेन.