आधी टाके मोजा
(हस्तकला प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



येथे मांडलेल्या गोधड्या पाहून मला माझी आई आठवली. जुनी लुगडी आणि धोतरे एकावर एक अंथरायची, कडेपासून धावदोरा घालत मध्याकडे यायचे, एवढेच तिचे शास्त्र. दुपारची कामे आवरली की शेजारच्या बायकाही सुई घेऊन बसत. टाक्यांबरोबर सुखदुःखेही ओवली जात. वापरून विरलेले कापड मऊ होते आणि थरांत अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. गोधडीचे सुख असे साधे आहे.

परंतु आज एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी एका जत्रेत मी गोधडीसाठी घासाघीस केली. "कापड तर जुनेच आहे," असेही म्हणालो. विकणाऱ्या आजी शांतपणे उत्तरल्या, "कापड जुनं हाय दादा, पर डोळं माझं गेलं त्यात." मी निमूटपणे पूर्ण पैसे दिले.

सार्वजनिक काका १८७७ च्या दिल्ली दरबारास हातसुताच्या खादीचा पोशाख करून गेले होते. ७ ऑगस्ट १९०५ च्या स्वदेशी चळवळीचे स्मरण म्हणून २०१५ पासून आपण राष्ट्रीय हातमाग दिनही पाळतो. दिवस पाळणे सोपे. कारागिराला त्याच्या श्रमाचे मोल देणे, ही खरी कसोटी!

म्हणून विनंती एवढीच : घरी मुलांच्या हाती सुई-दोरा द्या, त्यांना एक तरी टाका घालू द्या. आणि येथे भाव विचारण्यापूर्वी टाके मोजा. मग घासाघीस करण्यास जीभ रेटणार नाही.