नोकरी गेल्यानंतर: एका कादंबरीचे सामुदायिक वाचन



नोकरी गमावलेला माणूस डॉक्टरांकडे येतो तो निद्रानाशाची किंवा डोकेदुखीची तक्रार घेऊन; नोकरीचा विषय तो सर्वांत शेवटी काढतो. परदेशात ही लाज अधिकच बोचते. म्हणूनच सामुदायिक वाचनासाठी मी बुची एमेचेटा यांची 'इन द डिच' (१९७२) ही कादंबरी सुचवितो.

नायिका आडा ही नायजेरियाहून लंडनला आलेली, पाच मुलांची एकटी आई. मुलांपायी तिला संग्रहालयातील नोकरी सोडावी लागते व सरकारी भत्त्यावर दिवस काढावे लागतात. भत्त्याने चूल पेटते, पण मन खचत जाते. तिला धीर देतात त्या जुनाट सरकारी वसाहतीतील, तिच्याइतक्याच गांजलेल्या शेजारणी. ही कथा लेखिकेच्या स्वतःच्या अनुभवातून उतरली आहे. पाच मुले वाढवीत असतानाच त्यांनी लंडन विद्यापीठाची समाजशास्त्राची पदवी मिळविली.

ही कादंबरी आपण आळीपाळीने, मोठ्याने वाचू या. आडाविषयी बोलता बोलता आपल्यातील एखादी भगिनी स्वतःविषयी बोलू लागेल. त्या वेळी सल्ला देण्याआधी आपण तिचे ऐकून घ्यावे, एवढीच विनंती.