थेंबभर तेल आणि पोटाची तक्रार

भिलाईच्या सेक्टरांमधल्या मराठी घरांतही आता गुडघेदुखीसाठी किंवा झोपेसाठी मुलाने ऑनलाइन मागवलेली सीबीडीची, म्हणजे भांगेच्या पानांतल्या कॅनाबिडिऑलची, बाटली दिसू शकते. आपल्याकडे ती बहुधा आयुर्वेदिक औषध म्हणून, 'विजया' या नावाने विकली जाते.

ती घेतल्यावर जुलाब, मळमळ किंवा भूक मंदावणे असे त्रास होऊ शकतात. अमेरिकेत 2018 साली अपस्मारासाठी मान्य झालेल्या कॅनाबिडिऑलच्या चाचण्यांत, वजनाच्या दर किलोमागे रोज 20 मिलीग्रॅम घेणाऱ्या सुमारे 20 टक्के रुग्णांना जुलाब झाले. नुसते तेल घेणाऱ्यांत हे प्रमाण 9 टक्के होते. बाटलीतला डोस पुष्कळ कमी असतो, हे खरे. पण ज्या तेलात अर्क मिसळलेला असतो, त्या तेलानेही पोट बिघडू शकते. शिवाय तुपकट जेवणासोबत घेतल्यास औषध रक्तात चौपट-पाचपट उतरते. सणाच्या पंगतीनंतर तोच डोस भारी पडतो, तो यामुळे.

मला खरी काळजी यकृताची वाटते. डोळे पिवळे, लघवी गडद, उजव्या बरगडीखाली दुखणे, असे काही दिसले तर बाटली घेऊन सरळ डॉक्टरांकडे जा. रक्त पातळ करणारी किंवा फिटची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक थेंबही नको. दुष्परिणाम झाल्यास 1800 180 3024 या निःशुल्क क्रमांकावर तुम्हीही कळवू शकता.