दोष शोधायचा, माणूस नव्हे
(कंधार येथील शिवणवर्गाच्या शिक्षिकेने साहाय्यकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपण दिलेल्या मशिनींवर काय शिवले जाते, हे सांगायला मला बोलावले आहे. मी मात्र काय उसवावे लागले, ते सांगणार आहे.

आमच्या वर्गात कंधारच्या आसपासच्या वाड्यांवरील आदिवासी भगिनी येतात. दोन वर्षांपूर्वी एका शाळेच्या गणवेशाचे काम मिळाले. शर्ट वेळेवर दिले. आठवडाभरात गठ्ठे परत आले. कॉलरचे एक टोक लांब, खांद्याचे टाके सुटलेले, धुतल्यावर कापड आटलेले. दुरुस्तीत पंधरा दिवस गेले. त्या दिवसांची मजुरी बुडाली. मी सगळ्यांवर रागावले. तेव्हा एक मावशी हळूच म्हणाल्या, "बाई, सुई कवा बदलली व्हती?"

मला उत्तर देता आले नाही.

मग एकेक दोषाचे मूळ शोधले. टाके सुटले ते बोथट सुईमुळे. एकदम फार थर कापल्याने खालचे कापड सरकले, म्हणून कॉलर वाकडी. सुती कापड पाण्यातून न काढताच कापले, म्हणून ते आटले. बहुतेक चुका शिवणाऱ्या हातांच्या नव्हत्या. सुई बदलणे, कापड बेतणे ही कामे माझी होती.

आता कापड आधी भिजवून वाळवतो. थर थोडे ठेवतो. रोज सकाळी चिंधीवर टाका पाहतो. पहिला शर्ट तपासल्याशिवाय दुसरा घेत नाही. कॉलर लावणारी आधी खांद्याची शिवण पाहते. चूक तिथेच सापडली तर चार टाके उसवायचे. शेवटी सापडली तर अख्खा शर्ट. आणि चूक दाखवणारीची मजुरी कापायची नाही. मजुरी कापली की चुका लपतात.

ही शिस्त आपल्या भागाला नवी नाही. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते. त्याची खादी उदगीरला विणली जाते. लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२, चक्राचे आरे २४. तिथे "चालून जाईल" चालत नाही. मग लेकरांच्या शर्टाला तरी का चालावे?

यंदा त्याच शाळेने पुन्हा काम दिले. आजही एखादा शर्ट परत येतो, पण गठ्ठे येत नाहीत. आपणांस एकच विनंती: मशीन द्याल तेव्हा तिच्याबरोबर सुयांची पाकिटे आणि दुरुस्तीचा खर्चही द्या.